हृदयाच्या गोळ्या

आमच्या दवाखान्यात दर महिन्याला भाचीला घेऊन येणाऱ्या बाईला आम्ही सगळेच मावशी म्हणतो. कपडे उसवून मापात बसवून द्यायचं तिचं काम. दिवसभर लोकांच्या पँटी आखूड करते आणि संध्याकाळी पाठ सरळ होत नाही म्हणून कुरकुरते. बहीण एचआयव्हीनं गेली तेव्हा तीन वर्षांची पोर तिच्या पदरात पडली, आणि पोरीच्या रक्तातही तोच विषाणू. तेव्हापासून सकाळी सातची गोळी एकदाही चुकलेली नाही.

गोळ्या कसल्या, असं शेजारी विचारायचे. मावशीनं सांगून टाकलं, हृदयाच्या. पुढे शाळेत तेच सांगितलं, पोरीलाही तेच. मला कळलं तेव्हा मी नर्स असून तिला अडवलं नाही. बाहेर रांग होती, मी दमले होते. "मोठी झाली की सांगा," म्हणून मोकळी झाले. त्याची मला अजून लाज वाटते.

बाराव्या वर्षी पोर जिना चढताना धापा टाकू लागली. "अंगात आळस भरलाय नुसता," म्हणत मावशीनं तिला फैलावर घेतलं. मग पावलं सुजली. तपासणीत निघालं, हृदयच दुबळं झालंय. एचआयव्हीत मुलांचं असं होऊ शकतं. डॉक्टर पोरीसमोरच म्हणाले, "हृदयासाठी आता एक गोळी सुरू करू," आणि पुढच्या पेशंटकडे गेले.

"आता?" पोर मावशीकडे वळली. "मग नऊ वर्षं मी काय खाल्लं? फुकटच ना सगळं? उद्यापासून एकही घेणार नाही."

हट्टाला ती आईवर गेलेली. खरंच थांबली असती, आणि थांबली असती तर गेलीच असती. मी दार लावून घेतलं.

"त्या हृदयाच्या नव्हत्या गं," मावशी म्हणाली. "तुझ्या आईला एचआयव्ही होता. तोच तुला जन्मापासून आहे. त्याच्यावरच्या गोळ्या त्या. त्यांनीच तू जगलीस. मी खोटं बोलले."

पोरीनं विचारलं, "आई घ्यायची?"

"नाही. लोकांना कळेल म्हणून घाबरायची. ती गेल्यावर कपाटात सापडल्या, सगळ्या तशाच."

"आणि लोकांना कळू नये म्हणून तू खोटं बोललीस."

"हो."

पोरीनं माझ्यापुढे हात केला. मी नवी गोळी तिच्या तळहातावर ठेवली. पाण्याबरोबर गिळून ती मावशीला म्हणाली, "ती रोजची उद्या सातला दे. पण खरं नाव घेऊन दे."