नव्या जुवाचा नैवेद्य

आमच्या भागात बैलगाड्यांच्या शर्यतींचा हंगाम सुगी उरकली की सुरू होई आणि चैत्रात सोनारीच्या जत्रेपर्यंत चाले. त्या वर्षी पहिल्याच शर्यतीत बार्शीकडच्या एका छकड्यानं आमच्या छकड्याला धूळ चारली. हरल्याचं काकांना फारसं काही वाटलं नसतं. पण निजामाचं राज्य जाऊन आम्ही मुंबई राज्यात आलो तरी बार्शीकडचे लोक आम्हाला 'मोगलाईतले' म्हणायचे, आणि त्या दिवशीही म्हणाले. ते काकांना झोंबलं.

त्यांनी हंगाम संपायची वाट पाहिली नाही. बार्शीकरांचा छकडा ते खाली वाकवाकून पाहून आले होते. आधी चाकं बदलायची, मग ती जोडणारा आख, मग जू, असं ठरलं. एका वेळी एकच वस्तू बदलायची, हा आग्रह माझा. सगळं एकदम बदललं तर कशानं काय झालं ते कळणार कसं? छकडा मीच हाकत असे, शिवाय मॅट्रिकला मला गणितात बरे मार्क होते आणि ते ऐकवायची मला खोड होती. पारखायची रीतही मीच काढली. भावकीतल्या एकाचा छकडा, काहीही न बदललेला, बाजूला घ्यायचा. विहिरीपासून बांधापर्यंत दोन्ही एकदम सोडायचे आणि आपण किती पुढे राहतो ते बघायचं. एरवी आम्ही गाडीभर पुढे असायचो.

नवी चाकं आली. बारीक आऱ्यांची, हलकी. हातानं फिरवलं तर चाक थांबायचं नाव घेईना. पण आमच्याकडे नवी वस्तू पूजेशिवाय वापरत नाहीत. काकीनं चाकांना हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, पुरणपोळीचा नैवेद्य दाखवला आणि तो बैलांना चारला. उजवा बैल विकत आणलेला, त्याला शास्त्रापुरता तुकडा. डावा तिच्या हातचा. त्याची आई गेल्यावर तिनंच त्याला दूध पाजून वाढवलेला. त्याच्यापुढे तुपात भिजलेल्या पोळ्यांची चळत. मग मी गाडी जुंपली, आणि आम्ही भावकीच्या गाडीच्या जेमतेम बरोबरीनं पोचलो.

सगळ्यांनी सुताराला बोल लावले. मग आख बदलला. पुन्हा पूजा, पुन्हा पोळ्या, आणि या खेपेला आम्ही चक्क मागे पडलो. उजवा पुढे ओढत होता, डावा मागे राहत होता, ते बांधावरून पाहणाऱ्यालाही कळत होतं.

काकांनी निकाल दिला. "चाक बरं हाय, आख बरा हाय. डावाच थकला. सोनारीच्या जत्रंत काढून टाकू."

तो थकलेला नाही हे काकीला पक्कं ठाऊक होतं. पण छकड्याच्या गोष्टीत बायकांचं कोण ऐकतो? तिनं एवढंच मागितलं, "नवं जू तरी येऊ द्या. मग काय ते ठरवा."

जू आलं ते नेमकं एकादशीला. घरात उपास, पुरण कुठलं? काकीनं नारळ-साखरेवर भागवलं आणि नैवेद्य उद्या करते म्हणाली. त्या दिवशी आम्ही असे सुटलो की भावकीची गाडी आमच्या धुळीत दिसेनाशी झाली. "जू लागू पडलं!" काका ओरडले. काकी इतकी खूश झाली की दुसऱ्या दिवशी तिनं पुरण जास्तच घातलं आणि डाव्यापुढची चळत आणखी उंच झाली. मग आम्ही पुन्हा मागे.

"एक दिस पळतो, एक दिस न्हाय," काका म्हणाले. "असल्या बैलाचा भरवसा काय? विकायचा म्हंजी विकायचा."

जू तेच, आख तोच, चाकं तीच. कालच्यात आणि आजच्यात फरक होता तो काकीच्या परातीत. माझ्या गणिताला एवढं दिसायला इतका वेळ लागला, याचं मला अजून हसू येतं.

"काका," मी म्हणालो, "काल पोळी न्हवती."

सगळे हसले. काकी हसली नाही. "म्हंजी म्याच त्याला बाजाराची वाट दावत हुते व्हय?" म्हणाली आणि आत गेली.

पुढच्या शर्यतीपर्यंत तिनं गोठ्यात पाऊल टाकलं नाही. घरात बांगड्या वाजल्या की बैल मान वळवायचा. मला ते बघवत नसे. शर्यतीत आम्ही बार्शीकरांना मागे टाकलं आणि मोगलाईचं नाव कुणी काढलं नाही. उलट त्यांच्यातलाच एक फेटेवाला डाव्याभोवती दोनदा फिरून गेला. काका म्हणतील त्या किमतीला तो बैल न्यायला तयार होता. अट एकच, उद्या घरी येऊन आपल्या डोळ्यांदेखत पुन्हा पळवून बघणार. काका 'या' म्हणाले. एवढ्या किमतीत एक सोडून दोन खोंड येतील, असं त्यांच्या डोक्यात सुरू झालं होतं. काकीला कुणी विचारलं नाही.

सकाळी उठलो तर घरभर पुरणाचा वास. सण नव्हता, छकड्याला नवं काही बसवलंही नव्हतं. मी गोठ्याकडं न बघता छकडा पुसायला घेतला.

पाहुणे आले, चहा झाला, मी गाडी जुंपली. डावा निघाला तो लग्नाच्या पंगतीतून उठून घरी चाललेल्या माणसासारखा. मी घसा बसेपर्यंत ओरडलो. आम्ही बांधाला पोचायच्या आत पाहुणे बार्शीच्या वाटेला लागले होते.

काका डाव्याजवळ आले. त्याच्या तोंडाला तूप लागलं होतं. ते बोटानं पुसून त्यांनी वास घेतला आणि दारात उभ्या असलेल्या काकीकडं वळले.

"आज कशाची पूजा हुती?"

"बैलाची," काकी म्हणाली.