पाठीवरची थाप

२०१२ सालची गोष्ट, मी साठ वर्षांचा होतो. आज माळ्यावरून माझ्या बायकोचं, शांताचं हेल्मेट काढलं, तर आत अजून तिच्या खोबरेल तेलाचा वास. म्हणून ही गोष्ट आठवली. तिला जाऊन दोन वर्षं झाली.

त्या साली आम्ही नवराबायको अकोल्याहून काही तरुण पोरांच्या गाड्यांसोबत मोटरसायकलवर नेपाळला गेलो. लोक म्हणाले, या वयात कायले? म्हणून तर गेलोच. मी चौथीत शाळा सोडलेली, रस्त्यावरच्या पाट्या ती वाचायची. वाऱ्यात बोलणं ऐकू येत नसे, म्हणून तिनं खूण ठरवली होती. पाठीवर एक थाप म्हणजे थांबा, दोन म्हणजे चाला.

घाटात एका वळणावर बर्फाचा डोंगर एकदम समोर आला. तिनं एक थाप दिली. पुढं गेलेल्या पोरांच्या गाड्या मला गाठायच्या होत्या. मी थांबलो नाही.

मुक्कामावर ती म्हणाली, "चिखलदऱ्याच्या पल्याडचा डोंगर जन्मात पाह्यला नाही मी. जरासे थांबले असते तुमी, तर काय बिघडलं असतं?"

"उद्या पाहू. डोंगर काय पयून चालला?" असं म्हणून मी हसलो. ती हसली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी उलटी वळवली, त्याच वळणावर नेऊन उभी केली. समोर नुसते ढग. आम्ही गाडीवरच बसून बराच वेळ वाट पाहिली. चुकलो, एवढं काही माझ्या तोंडून निघालं नाही. शेवटी तिनंच पाठीवर दोन थापा दिल्या, आणि मी किक मारली.