वेळेवर आलेली एस्टी

मी निघालो त्या दिवशी एस्टी वेळेवर आली. आमच्या रत्नागिरीकडच्या तिठ्यावर हे त्याआधी एकदाच घडलं होतं, आणि तेव्हा म्हणे आभाळात धूमकेतू दिसला होता. आमच्या मोहल्ल्यापर्यंत रस्ताच नव्हता. अर्धा डोंगर उतरून तिठ्यावर यायचं. आम्मा म्हणाली होती, "गाडी नाय आली तर मागं फिर." मीही मनात तीच दुवा मागत होतो. पण आली मेली, हॉर्न वाजवत!

सौदीत धाहरानला तेल कंपनीच्या वसाहतीत मी बस चालवू लागलो. तुम्हा गावी मागे राहिलेल्यांना पत्रात ठोकून द्यायचो, की इथली घड्याळं माझी बस बघून लावतात. नळ सोडला की पाणी, बटण दाबलं की उजेड. हे सगळं सांभाळणारा म्हातारा हॅरीसाहेब माझ्याच बसने जायचा. एकदा म्हटलं, "तुमच्या अमेरिकेत तर दारातून ट्राम सुटत असेल." तो हसला. त्याचा बाप ट्रामचा ड्रायव्हर होता. पुढे शहराने ट्रामगाड्या भंगारात काढल्या, रुळांवर डांबर ओतलं.

"मग तुमची आई बाजारात कशी जाते?"

"शेजारीण गाडी काढेल तेव्हा."

घ्या! माणूस चंद्रावर पोचवला, म्हातारी भाजी आणायला पोचेना.

मग आखातातली लढाई पेटली. सायरन वाजू लागले. साहेबांची कुटुंबं निघाली, हॅरीसाहेबही गेला. सगळ्यांना विमानतळावर मीच सोडलं. माझा पासपोर्ट मात्र मला तिथे आणणाऱ्या अरब मालकाच्या, कफीलच्या कपाटात. विचारलं की एकच शब्द, "बुकरा." म्हणजे उद्या. तो उद्या काही माझ्या स्टॉपवर थांबेना. मी गॅसपासून वाचायचा मास्क गळ्यात अडकवून दर वीस मिनिटांनी रिकामी बस फिरवायचो. प्रत्येक थांब्यावर दार उघडायचं, वाळू चढायची, दार लावायचं. त्यात भावाचं पत्र आलं: रेडिओ ऐकल्यापासून आम्मा रोज तिठ्यावर जाऊन बसते, एस्टी गेली की घरी येते. इतका चिडलो, की स्टिअरिंग उपटून कफीलच्या दारात टाकावंसं वाटलं.

लढाई संपल्यावर कधीतरी सुट्टी मिळाली. तोवर खाडीकडून नवा रस्ता होऊन एस्टी थेट मोहल्ल्यात येऊ लागली होती. ऐटीत दारात उतरलो, तर दाराला कडी. बॅगा तिथेच टाकून तिठ्याकडे धावलो. आम्मा दगडावर बसली होती, जुन्या रस्त्याकडे डोळे लावून.

"आम्मा, गाडी आता दारात येते, ठाऊक नाय तुला?"

"ठाऊक हाय रे. पण तू हिथून गेलेलास ना."

आज मी रियाधला असतो, माझ्या घरासमोर बस थांबते. आम्मा आता नाही. कुणी घर विचारलं, की माझ्या तोंडून आधी तो तिठाच निघतो. तिथे आता एस्टीसुद्धा जात नाही.