मास्टर म्हणा

कारखान्यातले सगळे तिला ताई म्हणत, आणि कापणीच्या टेबलापाशी म्हातारे मास्टर होते आणि ती त्यांच्या हाताखाली होती तोवर तिची त्याला हरकत नव्हती. दवाखान्यांचे गणवेश शिवणाऱ्या त्या कारखान्यात एक रीत होती. कापडाचे थर लांब टेबलावर अंथरले की शिलाईवाल्यांपैकी कुणीतरी विचारायचं, "मास्टर, कापायचं?" मास्टर खडूच्या रेघा एकदा नजरेखालून घालून "होऊ दे" म्हणाले, की मगच सुरी चालायची. चुकीचं शिवलेलं उसवता येतं, चुकीचं कापलेलं निस्तरत बसावं लागतं. म्हणून जबाबदारी ज्याची, हाक त्याला.

म्हाताऱ्यांनी डोळ्यांपायी काम सोडलं आणि टेबल तिच्याकडे आलं. हाक मात्र आली नाही.

"काम दिलंय ना तुला? हाकेचं काय घेऊन बसलीस?" तिनं विषय काढला तेव्हा मालक म्हणाले. "बाईला मास्टर म्हटलं तर गिऱ्हाईक हसेल."

तिला ते फार झोंबलं. घरी येऊन ती भांडी आपटायला लागली, तेव्हा शाळेत इंग्रजी शिकवणारी नणंद म्हणाली, "वहिनी, पातेल्यानं काय घोडं मारलंय तुझं?" मग सगळं ऐकून घेऊन तिनं सांगितलं, "मास्टरचं मूळ लॅटिन. अर्थ काय, तर मोठा, वरचा. पुढे तो शिकवणारा झाला, गुलामांचा धनी झाला, कारागिरांचा गुरू झाला. आपण त्याचा मास्तर केला."

"आणि बाई असली तर?"

"मिस्ट्रेस. तोही मानाचाच होता गं. घर चालवणारी, हुकूम सोडणारी. घसरत घसरत ठेवलेल्या बाईवर आला."

"आणि मास्टर? तो नाही घसरला?"

"त्याला कोण घसरू देतंय!"

दोघी हसल्या खऱ्या, पण तिला रात्रभर राग येत राहिला. शब्दालासुद्धा बाई होण्याची शिक्षा!

सकाळी थर अंथरले गेले. कुणीतरी विचारलं, "ताई, कापायचं?"

ती हाताची घडी घालून उभी राहिली. "ताई घरी असते. इथं मास्टर असतो, त्याला विचारा."

सुरी अडली. माल त्याच दिवशी जायचा होता, त्यामुळे मालक धावतच आले. भानगड कळल्यावर त्यांना थट्टा सुचली. "बरं, मिस्ट्रेस म्हणू का मग?"

दोघंतिघं फिदीफिदी हसले.

"तो शब्द तुमच्यासारख्यांनीच नासवला. नासका माल मला नको," ती म्हणाली. "कापड वाया गेलं तर बोट कुणाकडे दाखवाल?"

"तुझ्याकडेच की!"

"मग हाकही इकडेच येऊ द्या."

"फार शेफारलीस. कापायचं नसेल तर चालू लाग."

तिनं आपली कात्री उचलली आणि ती दाराकडे वळली. तेवढ्यात काजं करणाऱ्या काकांनी आपलं यंत्र बंद केलं. बाई टेबलावर आली म्हणून पहिल्या दिवसापासून तोंड वाकडं करून बसलेले हेच ते काका.

"मास्टर निघाल्या," ते म्हणाले, "आता आम्ही कुणाला विचारून शिवायचं? तुम्हाला? तुम्हाला तर सुईत दोरा ओवता येत नाही."

एकेक करत साऱ्यांनी हात आवरले. मालकांनी सगळ्यांकडे पाहिलं, मग भिंतीकडे पाहिलं आणि भिंतीलाच सांगितल्यासारखं पुटपुटले, "मास्टर, कापायचं?"

ती दारातच उभी राहिली.

"ऐकू नाही आलं," ती म्हणाली.