सात घरांतल्या त्याच चार खुर्च्या

पडद्यावर माझ्या अम्मीचा फोटो आला आणि सगळा हॉल हसला. मीही हसले.

हे आधी लिहून टाकते. नंतरसाठी ठेवलं असतं तर गाळलं असतं.

शिक्रापूरला हायवेलगतच्या हॉलमध्ये आमच्या संस्थेची बैठक होती. संस्था परदेशी. काम गरिबी कमी करायचं, तेही टॅबवर. आम्ही पोरी शिरूर-दौंड तालुक्यातल्या घराघरांत जायचो, आतल्या खोलीचे फोटो काढायचो. तिकडं कुठल्या तरी देशातला कॉम्प्युटर फोटोतल्या वस्तू ओळखायचा आणि घराला आकडा द्यायचा. आकडा खाली असला तर मदत. वर असला तर नाव कट. माणसाला विचारत बसायचं नाही, माणूस खोटं बोलतो. हे ट्रेनिंगच्या पहिल्याच दिवशी शिकवलेलं.

पुण्याहून आलेल्या प्रोजेक्ट मॅडम पडद्याजवळ उभ्या होत्या. लेझरचा लाल ठिपका अम्मीच्या तोंडावरून फिरवत म्हणाल्या, "ही बाई म्हणते, माझ्याकडे काही नाही. आणि खुर्च्या बघा. चार. माझ्या फ्लॅटमध्ये दोनच आहेत."

हशा.

"गरिबीचं नाटक कसं करायचं ते यांच्याकडून शिकावं."

शेजारच्या पोरीनं मला कोपर मारलं. मी हसले. आवाज येईल इतकं हसले.

स्वतःच्या गावचा सर्व्हे स्वतः करायचा नाही, असा नियम. म्हणून माझ्याकडं सणसवाडीच्या भाड्याच्या खोल्या, आणि आमचं वरवंड शिरूरच्या एका पोरीकडं. ती बाई माझी आई आहे हे तिथं कुणालाच ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं.

अम्मी शिवणकाम करते. पायमशीनवर. त्याच मशीनवर तिनं मला बी.कॉम. केलं. आमच्या घराण्यात कॉलेजचं तोंड बघणारी मी पहिली. आता तिचा गुडघा गेलाय. पायडल मारताना ओरडत नाही, ओठ चावते. संस्था मोटारीचं शिलाई मशीन देणार होती, वर सोलर. आमच्या गल्लीत सात घरं. साती घरांतल्या बाया शिवतात. साती नावं कट झाली.

रविवारी मी वरवंडला गेले.

"अम्मी, आपल्या घरात चार खुर्च्या कुठनं आल्या?"

"आप्पांच्या. कोपऱ्यावरल्या हाटेलातल्या. टॅबवाली येणार व्हती ना." ती हातातलं काज संपवत म्हणाली. "भर उन्हातनं आलेली पोरगी, तिला काय भुईला बसवू?"

"आणि बाकीच्या घरांत?"

"त्याच की. ती आमच्यातनं उठली की मागच्या दारानं खुर्च्या पुढच्या घरात. नजमाची तर धांदल उडाली, एक खुर्ची दारातच अडकली. आप्पा म्हनले, गल्लीची अब्रू एकच हाय." तिला हसू येत होतं. "पोरगी लई गुनाची. दोनदा च्या प्याली."

नाव कट झाल्याचं मी सांगितलं. तिनं सुई खाली ठेवली.

"खुर्ची दिली म्हनून?"

एवढंच.

सोमवारी ऑफिसात मी साती फोटो उघडले. लाल खुर्च्या. एकीचा पाय तारेनं बांधलेला. साती फोटोंत तीच तार. कॉम्प्युटरनं गल्लीत अठ्ठावीस खुर्च्या मोजल्या होत्या. मी टॅब उचलून मॅडमपुढं ठेवला.

"म्हणजे फसवणूकच झाली ना?" मॅडम म्हणाल्या.

"फसवणूक नाही मॅडम. पाहुण्यासाठी मागून आणल्या होत्या."

"यादी लॉक झालीय. आणि हे बघ, तू शिकलेली आहेस. त्या लोकांसारखं बोलू नकोस."

ती माझी आई आहे, हे ओठांवर आलं होतं. गिळलं. तिथं बोलले असते तर दया मागितल्यासारखं झालं असतं. मला दया नको होती. मला या मॅडमचं तोंड उतरलेलं बघायचं होतं. चारचौघांत. इथून पुढं लिहिताना मी तिला अहो-जाहो करणार नाही.

पंधरा दिवसांनी परदेशातले देणगीदार आले. हॉल तोच. ती मला म्हणाली, "तू बोल. खेड्यातली मुलगी, घरातली पहिली ग्रॅज्युएट. त्यांना असं आवडतं. साडी नेस. साधीच."

नेसले. तिनं दिलेले फोटो काढून टाकले आणि माझे साती लावले. इंग्रजी माझं मोडकं. पण त्याला फार इंग्रजी लागत नव्हतं. तारेवर बोट ठेवायचं आणि म्हणायचं, सेम चेअर. सातदा म्हटलं. मग अम्मीचा फोटो मोठा केला. म्हटलं, ही माझी आई. गेल्या बैठकीत या मॅडमनी हिच्या गरिबीला नाटक म्हटलं. सगळे हसले. मीही.

ती पडदा बंद करायला धावली. रिमोट माझ्या मुठीत होता. मी तिचं तोंड नीट, सावकाश बघून घेतलं. पार पांढरं पडलेलं. मला बरं वाटलं. अजून आठवलं तरी बरं वाटतं. जाऊ दे, सोडून दे, असं मला कुणी सांगू नये.

एका गोऱ्या पाहुण्यानं वहीत लिहून घेतलं. फार मोलाची माहिती मिळाली म्हणाला. पुढच्या वेळी टॅबमध्ये एक प्रश्न वाढवू म्हणाला, खुर्ची घरची की मागून आणलेली. टाळ्या पडल्या. त्यांच्या चुकीतनंही शहाणपण त्यांनाच मिळालं. आमची साती नावं कटच राहिली. मला आठवड्यात काढलं. कारण लिहिलं, टीमशी जुळवून घेत नाही. खरं आहे.

अम्मी आता डाव्या पायानं मशीन मारते. टाके वाकडे पडतात. उसवते, परत घालते.

संस्थेची गाडी पुन्हा फिरायला लागलीय. कधी कुठल्या गावात, ते मला कळतं. टॅबवाल्या पोरी मला सांगतात, त्याही असल्याच घरांतल्या. आदल्या दिवशी मी एसटीनं तिथं जाते. देवळापुढं, मशिदीपाशी, जिथं बाया जमतील तिथं उभी राहते. सांगते, पोरींना पाणी द्या, पण फोटो काढू देऊ नका. आधी ग्रामसभेत या म्हणावं. आकडा कसा काढता ते सांगा. कुणाचं नाव कट केलं, का केलं, ते सगळ्यांदेखत वाचा. खाली सही करा. तोवर उंबऱ्याच्या आत पाऊल नाही.

तीन गावांनी दार उघडलं नाही. चौथ्या दिवशी मॅडमचा फोन आला.

"तुला नक्की काय हवंय?"

"सात मशिनं. आणि तुम्ही वरवंडला यायचं. गल्लीत उभं राहून, सगळ्यांसमोर माझ्या आईची माफी मागायची."

"ते शक्य नाही."

"बरं," म्हटलं. "उद्या चौथं गाव."