नोलीनचे हात

नोलीन टकरला काही शिकवायला जाऊ नये, हे मांगेरे उपनगरातल्या आमच्या अख्ख्या गल्लीला ठाऊक. चाळीस वर्षं ती शाळेतल्या दातांच्या दवाखान्यात नर्स. त्या खोलीला पोरं ‘खाटीकखाना’ म्हणायची, आणि ही बाई त्यावर खो खो हसून दोन्ही पंजे पुढे धरायची. “बघा, खाटकाचे हात! आहे का कुठे डाग?” निवृत्त झाल्यावर तेच हात फुलपाखरांच्या मागे लागले.

कुंपणालगत तिची हंसझाडांची रांग. शेंगा फुगल्या की पाण्यावरच्या हंसासारख्या दिसतात, म्हणून ते नाव. मोनार्क फुलपाखरू अंडी घालतं ते या झाडावर. नारिंगी पंख, काळ्या शिरा, कडेला पांढरे ठिपके. कुणी नुसतं “किती सुंदर!” म्हटलं की नोलीन अंगावर यायची. “सुंदर ते झालंच. नर की मादी, ते सांग!” मागच्या पंखावर, शिरेला चिकटून काळा ठिपका असला तर नर. मादीला ठिपका नाही, पण शिरा जाडजूड. चुकलात तर पुन्हा बघायला लावणार, मग तुमची बस गेली तरी चालेल. थंडी जवळ आली की मोनार्क दूरच्या झाडांकडे निघतात. त्याआधी ती त्यांच्या पंखाखाली नंबराची इवलीशी चकती चिकटवायची, म्हणजे परगावी कुणाला सापडलं तर ते कुठून आलं हे कळावं.

पलीकडे राहतो सेफो. मूळचा सामोआ बेटांवरचा, आगबोटीवर राबलेला, एकोणतीस वर्षांचा शेजार. त्याच्या अंगणात कोबी, अळू, भोपळे. शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये त्याच्या भाजीचं टेबल लागायचं आणि अकराच्या आत रिकामं व्हायचं. त्या टेबलावर त्याचा जीव. बायको गेल्यावर माणसांशी बोलायची त्याची तेवढीच एक जागा.

फेब्रुवारीच्या दोन तारखेला सकाळी नोलीन अंगणात गेली आणि किंचाळलीच. एकूण एक अळी मेलेली किंवा मरत होती. काही देठाला उलट्या लोंबत होत्या, काही मातीत पडून वळवळत होत्या, तोंडातून हिरवं पाणी गळत होतं. आदल्या संध्याकाळी सेफो पंप घेऊन कोबीवर काहीतरी फवारत होता, हे तिनं पाहिलं होतं. झालं! आणखी पुरावा कशाला हवा?

शनिवारी ती हॉलमध्ये शिरली ती तडक त्याच्या टेबलापाशी.

“काय मारलंस रे कोबीवर?”

“साबणाचं पाणी. दर वर्षी मारतो, तुला माहीत आहे.”

“साबणानं कुणी तडफडून मरतं? खोटारड्या! खुनी आहेस तू, खुनी! आणि तेच विष या लोकांना खायला घालतोस!”

एका बाईनं पिशवीतला कोबी काढून हळूच परत ठेवला.

नंतर एकदा तो कुंपणाशी आला. “नोलीन, अगं ऐक तरी, मला काहीतरी—” तिनं खिडकीतला रेडिओ मोठा केला. दोन दिवसांनी दारात आला, तिनं साखळीसुद्धा न काढता दार आपटलं. त्यापुढचे सगळे शनिवार त्याचा कोबी जसा गेला तसा घरी आला. नोलीनला ते खिडकीतून दिसायचं. बरी अद्दल घडली, असं ती मनात म्हणायची. हो, म्हणायची, लपवून काय उपयोग?

नवी अंडी आली, नव्या अळ्या आल्या. दर वर्षीपेक्षा जरा कमीच वाटत होत्या, पण आल्या. एक मार्चला दुपारी तिनं मांजराला मांडीवर घेतलं, मानेवर पिसवांचं औषध टाकलं, चोळलं, आणि उठून पानं उलटून पाहायला गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. उलट्या लोंबणाऱ्या अळ्या, तेच हिरवं पाणी.

“सेफो!” ती कुंपणावरून ओरडली. “बाहेर ये, नालायका!”

“कुणावर ओरडतेस?” समोरच्या घरातली मेलेआने नावाची बाई रस्त्यापलीकडून म्हणाली. “तो पाच दिवसांपासून टोकोरोआला आहे, बहिणीकडे. घराला कुलूप दिसत नाही?”

तो इथे नव्हता. मग कोण?

ती स्वयंपाकघरात आली. टेबलावर औषधाचं खोकं तसंच पडलं होतं. चाळीस वर्षं प्रत्येक बाटलीवरचं अक्षर न् अक्षर वाचणारी बाई, पण हे खोकं तिनं कधी उलटं करून पाहिलं नव्हतं. मांजराचं औषध, त्यात काय वाचायचं! चष्मा लावून आता वाचलं. सर्व कीटकांना घातक. हाताळल्यावर हात साबणानं धुवावेत. भिंतीवरच्या कॅलेंडरवर एक फेब्रुवारी आणि एक मार्च, दोन्ही चौकोनांत तिच्याच अक्षरात ‘मांजर’ लिहिलेलं. ती तिथेच फरशीवर बसली आणि कितीतरी वेळ आपल्या पंजांकडे बघत राहिली. शिसारी आली तिला. फुलपाखराचा पंखसुद्धा न दुखवणारे म्हणून मिरवलेले हात!

सेफो परतला त्याच दिवशी ती त्याच्या दारात गेली. त्यानं दार उघडलं आणि बाजूला झाला. आत पाऊल टाकलं आणि ती जागच्या जागी थिजली. स्वयंपाकघराच्या पडद्यावर, खिडकीच्या चौकटीला, खुर्चीच्या पाठीलासुद्धा कोष लटकत होते. हिरवेगार, सोनेरी टिकल्यांचे मोनार्कचे कोष.

“हे... हे कुठून?”

“तुझ्या फांद्या माझ्या बाजूला झुकल्यात ना, त्यांच्यावरची अंडी. रोज सकाळी आणायचो. पाला संपल्यावर मोठ्या अळ्यांना भोपळा घातला.”

“चोरून आणलीस?”

“तुझ्या हातांपासून लांब ठेवली,” सेफो म्हणाला. “माझ्या कुत्र्याचंही औषध तेच आहे. तू मांजराला लावून सरळ झाडाशी गेलीस, ते मी पाहिलं होतं. कोबी फवारत होतो तेव्हा.”

“मग बोलला का नाहीस?”

“दोनदा आलो होतो सांगायला.”

नोलीनला रडू फुटलं. “काय करू मी आता, सांग. काय करू?”

“जिथे बोललीस तिथे बोल.”

त्या शनिवारी ती हॉलमधल्या खुर्चीवर चढून उभी राहिली. तिचा आवाज अख्ख्या हॉलला पुरला. “अळ्या मी मारल्या. माझ्या हातांनी, मांजराच्या औषधानं. दोनदा! सेफोनं उरलेल्या वाचवल्या. याच्या कोबीवर विष नव्हतं, कधीच नव्हतं. मी खोटं बोलले, आणि तुम्ही ऐकलंत.”

मग टाळ्या! बायका धावत आल्या, तिला हाताला धरून खाली उतरवलं, गळ्यात पडल्या. “केवढं मोठं मन गं तुझं!” “असं कबूल करायला धाडस लागतं हो!” कुणी चहा आणला, कुणी केक. पाद्रीबाबांनी दोन्ही हातांनी तिचा हात दाबला. त्या घोळक्यातून तिला काही दिसेना. माना बाजूला करत तिनं पाहिलं.

हॉलच्या पलीकडच्या टोकाला दुसऱ्याच कुणाचं भाजीचं टेबल होतं, आणि रांग तिथे लागली होती. तिच्या गळ्यात पडून डोळे पुसणारी बाईच त्या रांगेत पहिली उभी होती. सेफोच्या टेबलावर कोबी जसाच्या तसा. तो हात मागे बांधून उभा होता, आणि नोलीननं आपल्याकडे पाहिलं हे दिसताच मान हलवून हसला, जणू त्यालाच तिचं सांत्वन करायचं होतं.