बाबा, शौर्यला ताप नाहीये!

घरात दोन लहान मुलं आणि नवरा परदेशात ड्यूटीवर असला की किस्से जमवावे लागत नाहीत. ताप उतरतो, खोकला जातो, किस्सा मात्र घरातच मुक्काम ठोकतो. आमच्या स्टाफरूममध्ये मधल्या सुट्टीत चहा आला की कुणीतरी म्हणतंच, "मॅडम, आज काय नवीन?" जणू मी मुलं वाढवत नाही, मालिका चालवतेय!

मी जव्हारला भाड्याच्या खोलीत राहते आणि जामसरच्या बाजूला एका पाड्यावरच्या शाळेत शिकवते. मूळची साताऱ्याची. नवरा फौजेत हवालदार. वर्षभरासाठी शांतिसेनेतून आफ्रिकेत गेलाय. सई सहा वर्षांची, शौर्य तीनचा. जाताना त्यांनी विचारलं होतं, "जमेल ना?" मी म्हटलं, "तुम्ही याल तेव्हा मुलं इथेच, माझ्याजवळ असतील." बोलून बसले. आता बोललेलं करून दाखवणं आलं!

* * *

ते गेल्यावर चौथ्या दिवशीच शौर्यला ताप भरला. हवालदारसाहेबांना घरातही रिपोर्ट लागतो. फोनवर पहिलाच प्रश्न, "सिच्युएशन कंट्रोलमध्ये आहे का?"

मी एका हाताने फोन धरला होता, दुसऱ्या हाताने गाऊन पुसत होते.

"अहो, सिच्युएशनने आत्ताच माझ्या अंगावर उलटी केलीय!"

पलीकडून अगदी गंभीर आवाजात, "ओके. कॅरी ऑन."

* * *

सासूबाईंचा एक नियम आहे. ड्यूटीवरच्या माणसाला घरातलं आजारपण कळवायचं नाही, त्याचं लक्ष उडतं. सासरेही फौजेत होते, त्यामुळे हा नियम घरात तेव्हापासून लागू. उलटीचं मी फोनवर बोलून गेले, हे त्यांना कळलं. पुढच्या वेळी शौर्य आजारी पडताच त्यांनी साताऱ्याहून फोन करून सईलाही बजावलं, "बाबाला काय बी सांगायचं न्हाई हं, बाळा."

सई भलतीच आज्ञाधारक. त्या संध्याकाळी व्हिडिओ कॉल लागला, तशी तिने माझ्या हातातून फोनच ओढला.

"बाबा, शौर्यला ताप नाहीये! उलटी पण नाहीये! आणि जुलाब तर सकाळपासून अजिबातच झाले नाहीत!"

"असं होय," हवालदार म्हणाले. "मग आईला सांग, ओआरएस देत राहा."

त्या दिवसापासून मी सासूबाईंचा नियम कायमचा मोडीत काढला. जे आहे ते सांगायचं. तिकडे बसून त्या माणसाने नुसते अंदाज बांधत का राहावं?

* * *

शौर्यला बाळदम्याचा त्रास निघाला. नाशिकच्या मुलांच्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, दर वेळी घाट चढून येऊ नका, व्हिडिओवर दाखवा. पण आमच्या शाळेत रेंज मिळते ती फक्त मागच्या मोहाच्या झाडाखाली, तीही हात वर केला तर. आमचे हेडसर उंच. ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही पोराला धरा, मी मोबाइल धरतो."

झालं! हेडसर हात वर करून उभे राहिल्यावर वर्ग कशाला आत थांबतोय? पहिली ते चौथी, अख्खी शाळा माझ्या मागे गोळा.

डॉक्टर म्हणाले, "हं, तोंड उघडा पाहू. मोठ्ठा आ!"

शौर्यने ओठ घट्ट मिटले. मागच्या सगळ्यांनी मात्र जबडे उघडले! आमच्या पोरांना कुणी मोठ्या माणसाने सांगितलं की ती करतात, का म्हणून विचारत नाहीत.

डॉक्टर पुढे वाकून बघत राहिले. मग म्हणाले, "तुमच्या मुलाचं नंतर बघू. तो मागचा निळ्या शर्टातला, त्याचा घसा फार सुजलाय. त्याला आज औषध सुरू करा!"

निळ्या शर्टाचा बाप संध्याकाळी कारल्याचा वानोळा घेऊन आला. शौर्यचा घसा त्या दिवशी कुणीच पाहिला नाही.

* * *

दिवाळीनंतर शौर्यला एकदा ॲडमिट करावं लागलं. ते कळल्याबरोबर सासूबाई पहिली एसटी पकडून आल्या. तोवर मी शौर्यला घरी आणलं होतं. त्या दारातूनच म्हणाल्या, "आता बास. पोरं मी साताऱ्याला नेते. नोकरी तुझी, लेकरांची न्हाई!"

लागलं मला ते. मी कुकर लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर सासूबाईच तापाने फणफणलेल्या! मग काय, एकीकडे शौर्यची वाफ, एकीकडे सासूबाईंच्या कपाळावर घड्या, आणि सईला आयतं निमित्त मिळालं म्हणून तिचंही पोट दुखायला लागलं. तिघांना पेज भरवली, तिघांच्या गोळ्यांच्या वेळा सांभाळल्या, शाळाही केली. सखूमावशी आमच्या शाळेत खिचडी शिजवतात. त्या दुपारी घरी येऊन बसायच्या, म्हणून निभावलं.

तिसऱ्या दिवशी फोन वाजला. सासूबाईंनी अंथरुणातून हात जोडले, "अगं, त्याला सांगू नको, मला ताप हाय म्हणून!"

सईने फोन घेतला.

"बाबा, आजीला ताप नाहीये!"

बऱ्या झाल्यावर सासूबाईंनी आपली पिशवी भरली, एकटीचीच. जाताना मात्र बजावून गेल्या, "पुन्हा दवाखान्यात ठेवायची वेळ आली, तर मी काही ऐकायची न्हाई." मी म्हटलं, येऊच देणार नाही वेळ.

* * *

पण आली ना वेळ! उन्हाळा संपता संपता शौर्यला न्यूमोनिया झाला. दुपारी मी त्याला सरकारी दवाखान्यात नेलं, तेव्हा त्याच्या बरगड्या आत ओढल्या जात होत्या. तरुण डॉक्टरीणबाईंनी लगेच ऑक्सिजन लावला. हा पठ्ठ्या मास्क ओरबाडून फेकून देतोय! नाव शौर्य, आणि प्लॅस्टिकच्या मास्कला घाबरून वॉर्ड डोक्यावर घेतलाय. रडण्याने दम आणखीच वाढत होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मास्क टिकला पाहिजे. नाहीतर नाशिकला हलवावं लागेल, आणि वाटेतही मास्क लागणारच आहे."

मी त्याचे हात दाबून धरले, रागावले, विनवलं. मीही रडले, खोटं कशाला सांगू?

तेवढ्यात सखूमावशी नागलीची भाकरी घेऊन आल्या. त्यांनी मला बाजूला केलं.

"बाई, हात सोडा पोराचं. सोंगाला असा कोन धरून ठेवतो?"

आमच्या जव्हार-मोखाड्याकडे बोहाडा होतो. देवांचे मुखवटे चढवून एकेक सोंग संबळाच्या तालावर नाचत येतं. मुखवटा चढला की तो माणूस कुणाचा पोरगा, कुणाचा भाऊ राहत नाही. तो देव. म्हातारीकोतारीसुद्धा त्याच्या पाया पडतात. शौर्यने त्या वर्षी मावशींच्या मांडीवर बसून बोहाडा पाहिला होता.

मावशींनी डब्याचं झाकण उलटं धरलं आणि त्यावर बोटांनी संबळाचा ताल धरला. "आलं आलं, गनपतीचं सोंग आलं!"

शौर्य रडता रडता थांबला. मावशींनी मास्क हळूच चढवला. त्याने हात वर नेला, पण काढला नाही.

शेजारच्या खाटेवर जवळच्या वांगणी गावची एक आजी नातवाला घेऊन बसली होती. ती उठली, आली आणि खरोखर शौर्यच्या पायांवर डोकं ठेवलं. मग तिच्या मागून दुसरी. मग वॉर्डातल्या सगळ्या आया रांगेने! शौर्य ताठ बसून एकेकीच्या डोक्यावर हात ठेवायला लागला.

सिस्टरने बोटाला लावलेल्या मशीनचा आकडा पाहिला. "चढतंय! मावशी, थांबू नका, वाजवत राहा!"

आणि त्याच वेळी फोन वाजला. दवाखान्यात पोचताच मी हवालदारांना सगळं कळवलं होतं. रजा मिळणार नाही, हे त्यांनी मला सांगितलं होतं. मी कॅमेरा खाटेकडे वळवला. स्क्रीनवर हवालदार युनिफॉर्ममध्ये उभे, चेहरा पार उतरलेला.

"काय चाललंय तिथे? कसा आहे तो?"

वांगणीची आजी वळली आणि फोनवर खेकसली, "ओ फोनवालं! देव बसलाय पुढं, डोक्यावरची टोपी काढा आधी!"

आमच्या हवालदारांनी शांतिसेनेची निळी टोपी काढली.